काचपट्टीवरची चाळणी

माझे मामा सावंतवाडीजवळच्या एका हायस्कुलात आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झाले. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला, तपासण्या झाल्या आणि एका सकाळी प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन ते आमच्या वांद्र्याच्या घरी आले. चहा होईपर्यंत त्यांनी अहवालातली एक ओळ माझ्यासमोर धरली. ‘ग्लीसन ३ + ३ = ६.’

“बेरीज बरोबर आहे,” मामा म्हणाले, “पण हे सहा कशापैकी?”

“दहापैकी.”

“म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लासचा कर्करोग झाला म्हणायचा की काय गं मला?”

मी हसले खरी, पण उत्तर देताना अडखळले. माझे संशोधन पेशींवर असले तरी रोगनिदान हे माझे क्षेत्र नव्हे. सुईने काढलेल्या तुकड्यांवर आज या मोजपट्टीत व्यवहारात दिला जाणारा सर्वांत कमी आकडा सहाच आहे, हे मला ठाऊक होते. दहापैकी सहा हा तळाचा आकडा कसा, हे मात्र गणिताच्या शिक्षकाला चार वाक्यांत पटवता येईना. त्यासाठी जो इतिहास मी धुंडाळला, तो इथे मांडत आहे. विषय रोगाचा असला तरी मूळ प्रश्न शिक्षकांच्या ओळखीचा आहे. डोळ्यांनी पाहून गुण द्यायचे झाले तर ते बरोबर दिले की नाही हे ठरवायचे कसे?

आधी त्या स्लाइडवर असते काय ते पाहू. पुरःस्थ ग्रंथी, म्हणजे बोलीतली प्रोस्टेट, ही साधारण अक्रोडाएवढी असते आणि पुरुषाच्या मूत्राशयाखाली मूत्रनलिकेला वेढून बसलेली असते. वीर्यातल्या द्रवाचा काही भाग ती तयार करते. तिच्या आत पाहिले तर बारीक नळ्या आणि त्यांच्या टोकांना लहान लहान पिशव्या दिसतात. प्रत्येक पोकळीला पेशींचे दुहेरी अस्तर असते. आतल्या बाजूला स्राव तयार करणाऱ्या उंच पेशी आणि त्यांच्याबाहेर तळपेशींचा एक पातळ थर. हा बाहेरचा थर वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

संशय आला की डॉक्टर सुईने या ग्रंथीचे, बहुधा बारा, तुकडे काढतात. प्रत्येक तुकडा शेवईएवढा बारीक आणि सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांब असतो. तो फॉर्मॅलिनमध्ये टिकवतात, पॅराफिन मेणात बसवून ब्लॉक तयार करतात आणि त्या ब्लॉकचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढून काचपट्टीवर घेतात. शाळेत आपण कांद्याच्या पापुद्र्यावर सॅफ्रनिन टाकतो, तसे इथे हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन रंग वापरतात. पहिला मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडापासून मिळतो आणि एके काळी कापड रंगवण्यासाठी जहाजे भरभरून युरोपात जात असे. त्याने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात. इओसिनने बाकीचा भाग गुलाबी होतो. निदानाचा मुख्य आधार आजही हीच निळी-गुलाबी नक्षी आहे.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. फरक इतकाच, की हा भात सगळीकडे सारखा शिजलेला नसतो. एका तुकड्यात एक नक्षी, शेजारच्या तुकड्यात दुसरी, आणि दोन तुकड्यांच्या मधली जागा कोणी पाहिलेलीच नसते.

या ग्रंथीचा कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ओळखल्याची पहिली नोंद १८५३ सालची आहे. लंडन हॉस्पिटलचे शल्यचिकित्सक जे. अ‍ॅडम्स यांनी ती केली आणि हा रोग फार दुर्मीळ असल्याचे लिहिले. आज तो जगात पुरुषांना सर्वाधिक होणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. मधल्या काळात माणसे जास्त जगू लागली आणि पाहणारेही वाढले.

आपल्याकडे तेच घडले. आमच्या घरापासून जवळ, वांद्रे पूर्वेला, ‘डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मेमोरियल होम’ आहे. परगावाहून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचारांसाठी येणाऱ्यांना तिथे राहता येते. बोर्जेस हे त्या रुग्णालयाचे गोमंतकीय शल्यविशारद. १९६९ साली ते वारले. परळला रुग्णालयासमोरच्या रस्त्यालाही त्यांचेच नाव आहे. या होमच्या आसपास हातात एक्स-रेची मोठी पाकिटे घेतलेली माणसे नेहमी दिसतात. बऱ्याच जणांच्या पाकिटात स्लाइडची छोटी डबी आणि मेणाचे ब्लॉकही असतात. पहिले निदान गावाकडे झालेले असते आणि उपचार ठरवण्यापूर्वी तोच तुकडा पुन्हा वाचला जावा म्हणून तो माणसाबरोबर प्रवास करतो.

तुकडा नीट वाचल्याशिवाय कर्करोगावर बोलू नये, ही शिस्त मुंबईत रुजवणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर हे नाव पहिले घ्यावे लागते. लंडनमध्ये विकृतिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते परतले, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी शिकवले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली. भारतीय माणसाला कर्करोग क्वचितच होतो, असा त्या काळी समज होता. खानोलकरांनी स्लाइड आणि नोंदी यांच्या आधाराने दाखवले, की कर्करोग इथेही भरपूर आहे, फक्त कोणत्या समाजात कोणत्या अवयवाचा जास्त, याची घडण वेगळी आहे. तंबाखू, पान, चालीरीती यांच्याशी त्यांनी ती जोडून पाहिली. त्यांच्या काळातल्या मोजणीत प्रोस्टेटचा वाटा लहान होता, आणि त्याचे एक कारण उघड आहे. हा रोग बहुधा साठीनंतरचा, आणि १९४०च्या दशकात भारतीयाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू केली, ती देशातली पहिली. आज त्या मुंबईच्या नोंदीत प्रोस्टेट पुरुषांच्या पहिल्या काही कर्करोगांत आहे.

परळचे रुग्णालय उघडले त्याच वर्षी, १९४१ मध्ये, शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी एक महत्त्वाचा शोध जाहीर केला. अंडकोश काढून टाकले किंवा स्त्री-संप्रेरक दिले, तर पसरलेला प्रोस्टेट कर्करोगही काही काळ आखडतो. या कामासाठी त्यांना १९६६ साली नोबेल मिळाले. पण प्रत्येक रुग्णाला त्याचा उपयोग होतो का? आणि किती वेळ? अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयांची मोठी साखळी आहे. १९६०च्या सुमारास या रुग्णालयांनी एकत्र येऊन हा प्रश्न तपासायला घेतला. रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वेगवेगळ्या उपचारांत वाटले गेले आणि काहींना औषधासारखी दिसणारी निव्वळ गोळी दिली गेली. (पुढे दिसून आले, की स्त्री-संप्रेरकाच्या मोठ्या मात्रेने कर्करोग आवरला, पण हृदयविकाराने मृत्यू वाढले. हाही एक धडाच.)

या प्रयोगाला एक अडचण होती. सगळ्यांचे कर्करोग सारखे उग्र नसतात. मग एका गटात सौम्य जास्त आणि दुसऱ्यात उग्र जास्त आले तर तुलना कशी करायची? उग्रता मोजायला ठरलेले मापच नव्हते. मेयो क्लिनिकच्या ब्रॉडर्स यांनी १९२०च्या दशकापासून कर्करोगाला प्रती देण्याची पद्धत रूढ केली होती, पण प्रोस्टेटसाठी ज्याची त्याची पद्धत निराळी. मिनिअ‍ॅपोलिसच्या सैनिकी रुग्णालयातले मूत्ररोगतज्ज्ञ जॉर्ज मेलिंजर या प्रयोगाचे एक प्रमुख होते. त्यांनी त्याच रुग्णालयातल्या विकृतिशास्त्रज्ञाला सांगितले, की बाबा, तूच काहीतरी माप तयार कर. तो विकृतिशास्त्रज्ञ म्हणजे डोनाल्ड ग्लीसन, जन्म १९२०.

ग्लीसन यांनी केले ते साधे होते, पण त्या वेळच्या सवयीच्या उलट होते. विकृतिशास्त्रज्ञ सहसा पेशीच्या केंद्रकाकडे डोळे लावतात. ते किती मोठे, किती वेडेवाकडे, किती गडद, हे पाहतात. ग्लीसन यांनी केंद्रके बाजूला ठेवली. कमी शक्तीचे भिंग लावून ते लांबून पाहत राहिले, डोंगरावरून गावातली घरे पाहावीत तसे. पोकळ्या सुट्या आहेत की एकमेकींत मिसळल्या आहेत, त्यांच्या कडा कशा आहेत, पोकळी उरली आहे की नाही, एवढेच त्यांनी नोंदवले. कागदावर चित्रे काढून वेगवेगळ्या नक्षी मांडल्या. त्या नऊ झाल्या.

आणि इथे परीक्षेच्या उत्तरपत्रिकांची आठवण व्हावी असा भाग येतो. कोणत्या रुग्णाचे पुढे काय झाले हे ठाऊक नसताना त्यांनी स्लाइड वाचल्या. नाव झाकलेली, फक्त बैठक क्रमांक असलेली उत्तरपत्रिका तपासावी तसे. मग संख्याशास्त्रज्ञांनी त्या नोंदी मृत्यूंच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. नऊपैकी काही नक्षींच्या रुग्णांचे भवितव्य सारखेच निघाले, म्हणून त्या एकत्र करून पाच प्रती केल्या. पहिली प्रत म्हणजे एकसारख्या गोल पोकळ्यांची दाट, रेखीव वस्ती. दुसरी थोडी विरळ. तिसऱ्या प्रतीत लहानमोठ्या पण सुट्या पोकळ्या आजूबाजूच्या ऊतीत शिरलेल्या. चौथ्या प्रतीत पोकळ्यांच्या भिंती एकमेकींत विरघळलेल्या. पाचव्या प्रतीत पोकळीच नाही, नुसत्या पेशींचे पुंजके, दोऱ्या किंवा एकट्या पेशी.

पहिला अहवाल १९६६ साली आला, २७० रुग्णांचा. पुढे ही संख्या २,९११ पर्यंत गेली आणि नियम टिकला.

बेरीज कुठून आली, तर एकाच रुग्णात बहुधा दोन नक्षी सापडत. ग्लीसन यांना वाटले होते, की जास्त वाईट नक्षीच रुग्णाचे भवितव्य ठरवील. आकडे तसे म्हणेनात. दोन नक्षी असलेल्यांचा मृत्युदर त्या दोहोंच्या मधे पडत होता. सरासरी काढली असती तर अपूर्णांक आले असते, म्हणून सरळ बेरीज ठेवली. सर्वांत जास्त पसरलेली नक्षी पहिली, तिच्या खालोखालची दुसरी. एकच नक्षी असेल तर तीच दोनदा. म्हणून मामांचे ३ + ३. दोन ते दहा या पट्टीचा उगम हा आहे, आणि पहिली व दुसरी प्रत सुईच्या तुकड्यांवर देणे पुढे थांबल्यामुळे सहा हा तळ झाला. टक्केवारीचा इथे काही संबंध नाही. मामांना हे पटले, पण ते म्हणाले, “मग पट्टी तिथूनच सुरू करायची. मुलाला शून्य गुण देऊन कागदावर सहा लिहायचे, हा काय प्रकार?” २०१४ साली शिकागोत जमलेल्या तज्ज्ञांचे म्हणणे फारसे वेगळे नव्हते. त्याविषयी पुढे.

आता शीर्षकातल्या चाळणीकडे येऊ.

काही कर्करोगांत पोकळी मोठी होते आणि पेशींनी भरून जाते, पण पूर्ण नाही. मधे मधे गोल भोके राहतात. दिसायला थेट पिठाची चाळणी, आणि शास्त्रीय इंग्रजीतले तिचे नावही चाळणी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आले आहे. ग्लीसन यांनी या चाळणीला एक जागा दिली नाही. कडा गुळगुळीत असेल तर ती तिसऱ्या प्रतीत, ओबडधोबड असेल तर चौथ्यात. त्यांच्या हातच्या प्रसिद्ध चित्रात तिसऱ्या प्रतीच्या चौकटीत चाळण्या स्पष्ट दिसतात. म्हणजे १९६६ पासून पुढची चाळीसेक वर्षे जगभरच्या अनेक रुग्णांना ‘तुमची नक्षी तिसऱ्या प्रतीची’ असे सांगितले गेले, आणि त्यांत चाळणीवालेही होते.

चूक कशी लपली? इथे ती तळपेशींची गोष्ट येते. कर्करोग ऊतीत शिरला की त्याच्या पोकळ्यांना बाहेरचा तळपेशींचा थर उरत नाही. पण साध्या निळ्या-गुलाबी रंगात हा पातळ थर अनेकदा दिसतच नाही. १९८०च्या दशकात या पेशींतल्या विशिष्ट केराटिन प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड वापरात आले आणि थर तपकिरी रंगात उठून दिसू लागला. जुन्या चाळण्या नव्या रंगाने पाहिल्यावर कळले, की चाळणीसारखे दिसणारे सगळे एक नाही. काहींना तळपेशींचा थर आहे, म्हणजे पेशी अजून नळीच्या आतच आहेत. त्यांतल्या काही कर्करोगाच्या आधीच्या अवस्थेतल्या. आणि काही त्याहून चमत्कारिक. आधीच उग्र झालेला कर्करोग उलटा नळीत शिरून तिच्या आत वाढतो. अमेरिकेतल्या जॉन मॅकनील यांनी १९९६ साली या नळीतल्या प्रसाराकडे विशेष लक्ष वेधले. थर शाबूत म्हणून रोग सौम्य, असे इथे म्हणता येत नाही. आणि ज्या चाळण्यांना थर नाही, त्या खऱ्याखुऱ्या शिरलेल्या कर्करोगाच्या. त्यांच्या रुग्णांचे पुढे काय झाले ते मोजल्यावर दिसले, की कडा कितीही गुळगुळीत असो, चाळणी वाईटच. २००५ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या बैठकीत बहुतेक चाळण्या चौथ्या प्रतीत टाकल्या गेल्या. २०१४ मध्ये सगळ्याच.

ग्लीसन यांना दोष देता येत नाही. जे त्यांच्या रंगात दिसतच नव्हते ते ते वेगळे कसे काढणार? शिवाय त्यांच्याच पद्धतीने, म्हणजे नक्षीला मृत्यूच्या नोंदीशी ताडून, त्यांची चौकट दुरुस्त झाली. ते २००८ साली वारले, तेव्हा पहिली दुरुस्ती होऊन गेली होती.

दिसण्यावरून फसण्याची आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९६७ साली मेलिको आणि पॅक्टर यांनी प्रोस्टेटमधला एक वेगळाच कर्करोग वर्णन केला. उंच खांबांसारख्या पेशी, झालरीसारख्या घड्या. ही नक्षी गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगासारखी दिसत होती. पुरुषाच्या प्रोस्टेटमध्ये एक इवलीशी पिशवी असते. भ्रूणात स्त्रीचे गर्भाशय ज्या नलिकांपासून घडते त्यांचा तो अवशेष आहे, असे तेव्हा मानत. म्हणून त्यांनी तर्क केला, की हा कर्करोग तिथून उगवला असावा, आणि नावही तसेच दिले. नाव नुसते नाव राहत नाही. गर्भाशयाच्या जातीचा कर्करोग असेल तर स्त्री-संप्रेरक देणे म्हणजे आगीत तेल, अशी शंका साहजिकच आली. त्या काळात तर हाच प्रोस्टेटचा प्रमुख औषधोपचार होता. पुढे पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींचे खास प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड मिळाले. त्या ‘गर्भाशयी’ पेशी पीएसएने भरलेल्या निघाल्या. म्हणजे मूळ प्रोस्टेटचेच. जुने नाव गेले, नलिकाजन्य हे नाव आले, आणि नक्षी उग्र म्हणून चौथ्या प्रतीत बसली.

उलट प्रकारची फसगतही होते. काही कर्करोग इतके साळसूद दिसतात, की निरोगी पोकळ्यांत मिसळून जातात. आणि काही निरुपद्रवी गोष्टी कर्करोगाचे सोंग घेतात. क्षयासारख्या आजारात प्रोस्टेटमध्ये दाहाच्या गाठी होतात. बोटाला त्या दगडासारख्या कडक लागतात, रक्तातले पीएसए वाढवतात, आणि स्लाइड पाहीपर्यंत सगळ्यांची खात्री झालेली असते, की हा कर्करोगच. क्षय घरोघरचा असलेल्या आपल्या देशात हे विसरून चालत नाही.

२०१४च्या बैठकीत पट्टीचाही विचार झाला. सहा ऐकून रुग्ण घाबरतो. शिवाय ३ + ४ आणि ४ + ३ या दोन्हींची बेरीज सातच होते, पण दुसऱ्यात वाईट नक्षी जास्त असल्याने भवितव्य वेगळे. मामांनी हे ऐकताच टेबलावर हात मारला. “क्रमनिरपेक्षता! बेरजेला क्रम कळत नाही. आधीच सांगायला हवे होते!” नव्या पद्धतीत एक ते पाच असे गट आहेत. ३ + ३ हा पहिला गट, ३ + ४ दुसरा, ४ + ३ तिसरा, बेरीज आठ असेल तर चौथा आणि नऊ-दहा असेल तर पाचवा. जागतिक आरोग्य संघटनेने ही वर्गवारी २०१६ मध्ये स्वीकारली. बहुतेक अहवालांत आता दोन्ही आकडे असतात. मामांच्या अहवालात मात्र जुनाच एकटा होता.

त्या आकड्यावर मामांना सांगितले गेले होते, की घाई नाही, दर काही महिन्यांनी तपासत राहू. पहिल्या गटासाठी हा सल्ला योग्यच असतो. अनेक वृद्धांना या रोगापेक्षा त्याच्या उपचाराचाच त्रास जास्त होतो. तरीही मी त्यांचे ब्लॉक दुसऱ्या वाचनासाठी द्यायला लावले. वाचणाऱ्यांनी नव्याने, थोडे खोलवरचे काप घेतले. बारापैकी एका तुकड्यात जेमतेम मिलिमीटरभर जागेत एक चाळणी निघाली. तळपेशींचा रंग लावला, थर दिसला नाही. ३ + ४ = ७, दुसरा गट, चाळणी-नक्षी आहे असा स्पष्ट शेरा. पहिल्या प्रयोगशाळेचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांच्या कापात ती चाळणी आलीच नसावी. पण चाळणी असलेल्या रुग्णाला नुसते निरीक्षणाखाली ठेवू नये, असा आजचा सल्ला आहे. मामांनी किरणोपचार घेतले. आठवड्याचे पाच दिवस वांद्र्याहून जाणे-येणे, आणि संध्याकाळी गॅलरीत बसून शब्दकोडे.

उपचार चालू असताना एकदा त्यांनी ग्लीसन यांचे जुने चित्र आणि त्याची सुधारलेली आवृत्ती माझ्याकडून मागून घेतली. भूमितीच्या वहीत पेन्सिलीने पाचही चौकटी आखल्या. तिसऱ्या चौकटीतली चाळणी त्यांनी आधी काढली, मग खोडरबराने पुसली आणि चौथीत काढली. पुसल्याची खूण राहिली आहे. वही अजून आमच्याकडेच आहे, आणि मामा दर सहा महिन्यांनी पीएसएचा आकडा फोनवर दशांश चिन्हासकट वाचून दाखवतात.